खाचेच्या कवचाचा शोध

सुकन्याला समुद्राच्या तळावरची एक पेशी हवी होती, आणि तीही जिवंत! मेलेली तिनं पाहिलेली होती. कोकणातून मागवलेल्या वाळूत, नांदेडच्या प्रयोगशाळेत, तिला एका सूक्ष्म, एकपेशी शैवालाचं काचेसारखं कवच दिसलं होतं. आकार होडीचा, पण एका काठाला खाच. अशी खाच आजवर कुणी नोंदवलेली नव्हती.

"एका रिकाम्या कवचावर नवी जात ठरत नाही," तिचे मार्गदर्शक राघवेंद्र सर म्हणाले. "जिवंत आण. वाढवून दाखव. नाहीतर संशोधनाचा विषय बदल."

विषय बदलायचा? तीन वर्षं पाण्यात घालायची? छे! सुकन्यानं थेट कोकण गाठायचं ठरवलं. सरही बरोबर निघाले, आणि जीप चालवायला मुदखेडचा दयानंदमामा.

ती वाळू होती किनाऱ्यापासून आत समुद्रात, अमावास्येच्या मोठ्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या एका पट्ट्यावर. होडीवाला बरोबर यायला तयार होता, पण मामानं त्याला वाटेला लावलं. "कशाला तकलीफ घेता? उभा जन्म गोदावरीत गेला माझा. होडी द्या फकस्त." सरांनीही मान डोलावली. सरांनी तरी समुद्र कुठं पाहिला होता? निलंग्याचा माणूस, आयुष्यभर समुद्र बाटलीतूनच हाताळलेला.

सकाळच्या कोवळ्या उन्हात पट्टा पाण्यातून वर आला होता, आणि त्याच्या ओल्या अंगावर दुधावर धरावी तशी तपकिरी-सोनेरी साय धरली होती. सुकन्याला आनंदानं ओरडावंसं वाटलं. ही साय म्हणजेच लाखो जिवंत पेशी! ती गुडघ्यांवर बसली आणि साय अलगद खरवडून छोट्या नळ्यांत भरू लागली. नळ्या थर्माकोलच्या पेटीत, पेटी सरांच्या ताब्यात. मामानं होडी वाळूवर ओढून ठेवली. बांधली मात्र नाही.

"मामा, दोरी?"

"पूर न्हाई, पाऊस न्हाई. कुठं पळून जाती होडी?"

नदीकाठच्या माणसाचं गणित होतं ते. शेवटची नळी भरली आणि सुकन्याच्या पावलांना गार पाणी लागलं. तिनं मान वर केली. होडी वाळूवर नव्हती. ती चांगली शंभर हात लांब, भरतीच्या ओढीत डुलत निघाली होती!

"आयला!" मामानं शर्ट फेकला आणि उडी टाकली.

हात सपासप चालू लागले. अर्धं अंतर कापलं. मग मामा अचानक थांबला. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. "पाय धरला!" तो ओरडला. पोटरीत गोळा आला होता. लाट मोठी होती. सरांना पोहता येत नव्हतं, सुकन्याला जेमतेम. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं.

तरंगणारी वस्तू एकच होती.

सुकन्यानं सरांच्या हातातली पेटी हिसकावली. एक क्षण, फक्त एक क्षण, तिनं आतल्या नळ्यांकडं पाहिलं. मग पेटी उलटी केली. झाकण दाबलं. होडीला नेणाऱ्या त्याच ओढीत पेटी ढकलली. "मामा! पेटी धर! पेटी!"

पेटी हेलकावत गेली. मामाचा हात चुकला. पुन्हा चुकला. धरली! पेटी छातीशी कवटाळून एका पायानं पाणी तोडत तो एव्हाना एका खडकाला अडकलेल्या होडीपाशी पोचला. तो वल्हवत परतला तेव्हा दोघं कमरेइतक्या पाण्यात एकमेकांना धरून उभी होती. लाटेनं सगळ्या नळ्या नेल्या होत्या. सरांनी झडप घालून दोन वाचवल्या होत्या; दोन्ही रिकाम्या निघाल्या!

पट्टा पाण्याखाली गेला होता. पुढच्या अमावास्येपर्यंत समुद्र खवळलेला असणार; आता तिथं जाता येणार ते पावसाळ्यानंतरच. "माझ्यापायी गेलं तुझं समदं, माय," मामा पुटपुटला. सुकन्याला रडू फुटलं, पण मामा समोर धडधाकट बसलेला पाहून ती रडता रडता हसलीही. जड झालेले कॅनव्हासचे बूट ती काढायला गेली, आणि पचकन आवाज झाला.

बूट वाळूनं भरले होते. पट्ट्यावरच्या, ओल्या वाळूनं!

"सर! बादली!"

नांदेडपर्यंत ते बूट समुद्राच्या पाण्यात, बादलीत, मामाच्या देखरेखीखाली आले. लातूरला चहासाठीही मामा जीपमधून उतरला नाही. प्रयोगशाळेत सुकन्यानं वाळू पसरली, वर पातळ कागद ठेवला आणि दिवा लावला. जिवंत असतील तर उजेडाकडं चढून येतील. दुपारी तिनं कागद धुऊन थेंब काचेवर घेतला.

तपकिरी होड्या सरकत होत्या! आणि त्यांच्यात एक, काठाला खाच असलेली, मध्यभागी चिरत चाललेली. एकीच्या दोन होत होत्या!

"सर, वाढतेय!" ती किंचाळली.

मामानं भिंगाला डोळा लावला. बराच वेळ तो हललाच नाही.

"हिच्यापायी मी बुडून राहिलतो?"

"हाव, मामा."

"दयानंदराव, मला पाहू द्या," सर मागून अधीर होऊन म्हणाले.

"थांबा हो सर," मामा डोळा न काढता म्हणाला, "दुसरी अजून पुरती सुटली न्हाई."