बिल्ला नंबर २१४

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात भूत, उतारा, भानामती हे शब्द काढायलाही बंदी होती. बाबा म्हणायचे, "ज्याले भेव वाटते त्यानं जास्त अभ्यास करा." त्यामुळे हे सगळं मी मनाविरुद्ध लिहिते आहे. पण यात एक अक्षर खोटं नाही. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल सोडून द्यावं, मी भांडायला येणार नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात, राजूरला, दुपारी चार वाजता घडलेली आहे. लख्ख उन्हात.

माझे बाबा, भीमराज, राजूरच्या बाजूच्या एका भूमिगत कोळसा खाणीत कामाला होते. खाणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ती आता बंद आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बाबा राजूरच्या घरी एकटेच. मी वणीला सासरी, भाऊ धम्मदीप यवतमाळला लोहाऱ्यात.

आई गेल्यावर बाबांनी घरातलं काही हलू दिलं नव्हतं. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर तसंच. माणूस भिंतीकडे बघत बसायचा. मला ते बघवत नव्हतं.

मे महिन्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि धम्मदीप त्यांना पंधरा दिवसांसाठी लोहाऱ्याला घेऊन गेला. मला सुट्ट्या होत्या. ठरवलं, बाबा परत येईपर्यंत हे घर असं सजवायचं की त्यांना आत पाऊल टाकल्यावर बरं वाटलं पाहिजे.

मला जुन्या वस्तूंचं वेड आहे. पितळी गुंड, लोखंडी मापं, बंद पडलेले रेडिओ, दिसेल ते उचलून आणते. आमचे हे म्हणतात, "तू लग्नात हुंडा नाही आणला, पण भंगार भरपूर आणलं." म्हणू देत.

आईच्या शिलाई मशीनचा पाय घासून त्यावर फळी टाकली, टेबल झालं. तिच्या लुगड्यांचे पडदे केले. बुद्धांच्या तसबिरीखाली तिचा पितळी दिवा ठेवला. आणि समोरची मोठी भिंत मोकळी ठेवली.

ती बाबांची भिंत.

त्यांचं हेल्मेट, बूट, जेवणाचा डबा सगळं पत्र्याच्या पेटीत होतं. अगदी तळाशी आईचा एक रुमाल सापडला. त्याला एकावर एक सात गाठी मारलेल्या. सोडवता सोडवता माझी नखं दुखली.

आत पितळेचा गोल बिल्ला. वर छिद्र, मध्ये ठोकलेला आकडा... २१४.

तो मी लगेच ओळखला. लहानपणी रोज संध्याकाळी बाबा घरी आले की हा बिल्ला आईच्या हातात द्यायचे. आई तो चहापत्तीच्या डब्यामागे ठेवायची. सकाळी कामावर निघताना परत द्यायची. तो कशासाठी असतो हे मी कधी विचारलं नाही. आणि बाबा खाणीबद्दल घरात कधी बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात वणीच्या रामलाल भंगारवाल्याचा फोन आला. "मॅडम, तुमच्या कामाची चीज आली."

सागवानाची मोठी फळी होती. रांगेने खिळे, प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात आकडा. बाबांच्याच बंद पडलेल्या खाणीतली, दिवे ठेवायच्या खोलीतली हजेरीची फळी. खिळे सगळे रिकामे, फक्त पाच बिल्ले लटकलेले. हिरवे पडलेले.

"बाकीचे काढून विकले," रामलाल म्हणाला, "हे पाच निघूनच नाही राह्यले. पक्कड लावून पाह्यली जी. हलत नाही."

मी खूश. आणखी काय पाहिजे होतं?

सोमवारी दुपारी फळी भिंतीवर ठोकून घेतली. बाबांचा बिल्ला चिंचेने घासून चकचकीत केला. २१४ चा खिळा शोधला आणि बिल्ला अडकवला. मला वाटलं, शाळेच्या हजेरीसारखंच असणार. बिल्ला फळीवर म्हणजे माणूस आला, सुखरूप आहे.

मी अशी शहाणी.

हात झटकत मागे सरले. भिंत फार सुंदर दिसत होती. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तेव्हा चार वाजले होते. वीज गेलेली. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही.

आणि रस्त्यावरून... बुटांचा आवाज आला.

एकदोन माणसांचा नाही. पुष्कळ माणसं दमून चालत येतात तसा. खोकले, डब्यांची खडखड. आवाज आमच्या दारापर्यंत आला... आणि थांबला.

मी दार उघडलं. कोणी नाही.

मागे वळले तर फळीवर काहीतरी हलत होतं. पंखा बंद होता. आधी वाटलं बाबांचाच बिल्ला हलतोय. मग नीट पाहिलं...

सहाही हलत होते. जे पक्कड लावून हलले नव्हते तेही.

वाऱ्याची झुळूक, असं मी स्वतःला सांगितलं. विज्ञानाच्या बाईला कारण शोधायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी फळीखालची भिंत पुसायला वाकले तर हाताला ओल लागली. जमिनीपासून घोट्याइतकी. मे महिन्यात. वास कोळशाच्या पाण्याचा... तो वास मला माहीत आहे, बाबांच्या कपड्यांना यायचा.

आठ वाजता धम्मदीपचा फोन. "ताई, बाबा मोजे मागून राह्यले. पाय गार पडले म्हनतात."

"उन्हाळ्यात?"

"तेच तं."

मंगळवारी चार वाजता पुन्हा बूट आले. पुन्हा दारापाशी थांबले. या वेळी मी दार उघडलं नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले. पलीकडे कुणीतरी हळू आवाजात काहीतरी मोजत होतं... मोजत होतं, थांबत होतं, परत पहिल्यापासून मोजत होतं.

ओल गुडघ्यापर्यंत चढली होती.

माझा हात आपोआप फोनकडे गेला. त्याआधीच फोन वाजला. धम्मदीपचा आवाज बदललेला. "ताई, बाबांचे पाय गुडघ्यापर्यंत बर्फ झाले. डॉक्टर येऊन गेले, त्यायले काही सापडून नाही राह्यलं. आन् बाबा सारखं म्हनते, अंधार हाय, पानी चढून राह्यलं."

"डोळ्यावर काळा चष्मा आहे म्हणून म्हणत असतील."

"पानी कशाचं मंग?"

मला भीती वाटली. त्या रात्री मी वणीला परत गेले, पण झोप लागली नाही. बाबांना आधीच दमा आहे. ते पाणी छातीपर्यंत चढलं तर काय, हा एकच विचार डोक्यात.

बुधवारी सकाळी दहाला राजूरला पोचले. ओल कमरेपर्यंत आली होती.

तेवढ्यात शेजारच्या हंसामावशी आल्या. त्या बंजारा समाजाच्या, आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण. त्यांचे यजमान सेवादासकाका बाबांसोबत खाणीत होते. एकोणीसशे शहाण्णव साली खाणीत पाणी फुटलं, त्यात गेले. ते आणि आणखी चौघं. पाचही जण वर काढता आले नाहीत. मी तेव्हा चार वर्षांची होते, मला एवढंच माहीत होतं.

"पाहू तं दे छोरी, काय सजवलं," म्हणत मावशी आत आल्या.

आणि फळीसमोर थांबल्या.

मग एका बिल्ल्यावर बोट ठेवलं. १८७.

"हा तुह्या काकाचा."

पाच बिल्ले... पाच माणसं. मी शिकलेली बाई, मला दोन दिवसांत एवढा हिशोब जमला नव्हता.

मग मावशींची नजर २१४ वर गेली. त्यांचा चेहरा उतरला.

"भीमराजचा बिल्ला कोनं लटकवला?"

"मी. का?"

"अवो माय... खाली उतरताना मानूस बिल्ला फळीवर लावते. वर आला का काढून घरी नेते. बिल्ला फळीवर हाय म्हनजे मानूस खाली हाय. तुह्या मायनं गाठी मारून कायले ठेवला होता मंग?"

मी धावले. बिल्ला ओढला.

निघाला नाही. परवा मीच अडकवलेला, सैल बिल्ला... खिळ्याला घट्ट धरून बसला होता. मी पक्कड शोधायला वळले तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"नोको. दुसऱ्याचा बिल्ला कोनी काढत नाही. तू काढला तं फळी म्हनन का तो वर आला. मंग त्याले खाली धुंडाले कोन जाईन? ज्याचा त्यानंच काढाले लागते, तेबी चारले पाळी सुटायच्या आत."

मी धम्मदीपला फोन लावला. काय सांगणार होते? एवढंच म्हणाले, "बाबांना गाडीत घाल आणि चारच्या आत इथे आण. का ते विचारू नको."

त्याने खरंच विचारलं नाही. त्याच्यावर माझे फार उपकार नाहीत, पण त्याचा हा एक माझ्यावर आहे.

गाडी मिळवून, बाबांना उचलून निघेपर्यंत त्याला सव्वा वाजला. करंजीहून फोन आला, "बाबा छाती धरून बसले." मारेगावहून आला, "बोलणं बंद झालं." इथे मी आणि मावशी भिंतीकडे बघत बसलो होतो. ओल आमच्या डोळ्यांसमोर चढत होती. छातीपर्यंत... खांद्यापर्यंत.

बाहेर चिमण्यांचा आवाज बंद झाला. समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. इतकी शांतता मी राजूरला कधी ऐकली नव्हती.

चारला दहा कमी असताना गाडी दारात आली.

धम्मदीपने बाबांना जवळजवळ उचलूनच आणलं. ओठ निळे. पाय इतके गार की माझ्या हाताला चटका बसला. मी कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "बाबा, तुमचा बिल्ला फळीवर आहे. काढून घ्या."

बाबांचा हात वर उठला. डोळ्यावर काळा चष्मा, काही दिसत नव्हतं. चाचपत चाचपत एकेक बिल्ल्याला हात लावला आणि प्रत्येकाचं नाव घेतलं. पाच नावं. घाई करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मग २१४. दोन बोटांनी उचलला. सहज निघाला. बाबांनी तो खिशात टाकला आणि असा श्वास घेतला की मी आयुष्यात विसरणार नाही.

बाहेर बूट वाजले. दारापर्यंत आले. मोजणं ऐकू आलं... या वेळी एकदाच. मग बूट निघून गेले.

तासाभराने बाबांनी चहा मागितला. पायांत ऊब आली होती. मग आपणहून बोलले, तीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी मी बी खालीच होतो. दुपारी पोट दुखलं म्हनून वर आलो, बिल्ला घेतला अन् घरी. दोन वाजता पानी फुटलं." त्यांनी खिशातला बिल्ला चाचपला. "आता तीन दिवस त्यायच्यातच होतो. सेवादास म्हने, तू काहून आला परत? जाय. अन् फळी उतरवू नका म्हना. इतके साल भंगारात पडून होती, कोनी मोजतच नव्हतं."

मावशींनी पदर तोंडाला लावला होता. "अजून काय म्हनला?"

"माहं घर तेच हाय का, म्हने."

"तुमी काय सांगतलं?"

"तेच हाय म्हनलं."

भिंत वाळली. खांद्याच्या उंचीवर एक पांढरी रेघ राहिली. दोनदा रंग दिला, परत दिसते.

फळी आम्ही उतरवली नाही. बाबांनी उतरवू दिली नाही. लोहाऱ्याला चला म्हटलं, वणीला चला म्हटलं, ऐकत नाहीत. रोज चार वाजता दार उघडून खुर्ची टाकून बसतात. बिल्ला खिशात. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरे दिसतात, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

यंदा जानेवारीत मी राजूरला गेले होते. चारनंतर सहज फळीकडे लक्ष गेलं...

१८७ चा खिळा रिकामा होता.

खाली जमिनीवर ओले ठसे. बुटांचे. दारातून बाहेर, शेजारच्या अंगणाकडे.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "ज्याचा त्यानं नेला."

अंधार पडायच्या आधी हंसामावशी आल्या. अंगावर नवं लुगडं. हातात रिकामं पातेलं.

"तुह्या चुलीवर गरम पानी असन तं दे व थोडं. माहा गॅस संपला." मग हळूच म्हणाल्या, "पाय लय गारठले म्हनते."

मी पातेलं भरून दिलं.

आता फळीवर चार बिल्ले आहेत. ते चौघं दूरदेशचे होते. त्यांच्या घरची माणसं कधीच राजूर सोडून गेली, कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. त्यांचं इथे कोणी नाही, घर नाही.

ते वर येतील तेव्हा त्यांना उघडं दार एकच दिसेल.

तिथे माझे बाबा बसलेले असतात.