मावशीने घासलेलं भांडं

भाचीने एकटीने तीन वर्षं खपून किमयागाराचा व्हिडिओ गेम बनवला, आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं द्यायला आपल्या मावशीला बसवलं. मावशीचा सारा जन्म औषधाच्या दुकानात गेलेला. गेममध्येही तेच होतं: बरण्या, खल-बत्ता, भट्टी आणि भट्टीवर रटरटणारा काढा. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, अशी तिची अवस्था झाली.

टेबलावर तिचा दुकानातला दगडी खल असे. आता त्यात टाचण्या असत. समोरच्या भिंतीवर भाचीने कागद चिकटवला होता: ‘आधी कॉपी, मग हात.’ कुणाचाही गेम दुरुस्त करायचा तर आधी त्याची प्रत काढून ठेवायची. मावशी हे विसरायची, म्हणून तर कागद.

त्या दुपारी भाची चष्मा दुरुस्त करून आणायला गेली होती. खिडकीबाहेर एवढं धुकं होतं की समोरची इमारतच गायब झालेली. सकाळपासून नळाला पाण्याचा थेंब नव्हता. जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि एक वयस्क बाई आत आल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

“तुम्ही फाइल पाठवा म्हणालात. मला काही ते जमेना. मग म्हटलं, लॅपटॉपच घेऊन जाऊ.”

मावशीने त्यांना खुर्ची दिली. चहासुद्धा विचारता येत नाही याची तिला फार खंत वाटली.

बाईंचे यजमान पुस्तकबांधणी करायचे. म्हातारपणी त्यांना या गेमचं वेड लागलं. गेल्या वर्षी एका दुपारी गेममधला काढा मंद आचेवर ठेवून ते जरा आडवे झाले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हापासून बाई रोज दुपारी लॅपटॉप उघडायच्या आणि त्या काढ्याची रटरट ऐकत बसायच्या. गेल्या आठवड्यात भाचीने गेममध्ये सुधारणा केल्या आणि यांचा गेम उघडेनासाच झाला.

“दुसरं काही नको हो,” बाई म्हणाल्या. “तेवढा आवाज आला की घरात माणूस आहे असं वाटतं.”

मावशीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिने लगेच काम हाती घेतलं. दहा मिनिटांत गेम उघडला. ओळीने लावलेल्या बरण्या दिसल्या, भट्टी दिसली, रटरट ऐकू आली. बाईंचा चेहरा उजळला. भट्टीवरचं भांडं मात्र काजळीने काळंकुट्ट झालं होतं. खराब भांडं दिसलं की घासायचं, ही मावशीच्या हातांची चाळीस वर्षांची सवय. तिने बटण दाबलं.

भांडं लख्ख झालं. रटरट थांबली. कोपऱ्यात अक्षरं उमटली: ‘गेम सेव्ह झाला.’

मावशीने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

“बाई... मी भांडं घासलं हो. काढा गेला... आणि मी कॉपीही काढली नव्हती.”

डोळे भरलेले असतानाच बाई हसल्या.

“मीही एकदा यांचं खळीचं भांडं घासलं होतं. पुस्तकं चिकटवायची खळ, दोन दिवस खपून केलेली. हे एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर माझा विरजणाचा वाडगा घासूनपुसून पालथा घातलेला. म्हणाले, फिट्टंफाट.”

दोघी हसल्या. आणि हसता हसता थांबल्या.

घर्र... घर्र...

पडद्यावर बत्ता फिरत होता. मावशीचे दोन्ही हात मांडीवर होते. एक बरणी खाली आली, चिमूटभर पूड खलात पडली. मग दुसरी बरणी. खोलीत ओल्या खळीचा आंबूस वास भरला. मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. भट्टी पेटली आणि भांड्यातून हळूहळू आवाज येऊ लागला.

रट... रट... रट...

“ऐकलंत?” बाई डोळे मिटून पुटपुटल्या. “यांना कधी घाई नसते...”

त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मावशी भ्यायचंच विसरली. लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून बाई निघाल्या. जिना उतरताना त्या कुणाशी तरी बोलत होत्या.

भाची परतली. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, बत्ता आपोआप फिरत नाही. माउस हलवावा लागतो.”

“मला काय सांगतेस? रोज दहा जणांना मीच लिहिते ते.”

“बरं बाई,” भाची हसत म्हणाली आणि टाचणी घ्यायला वळली. “हे काय? आज खल कशाला धुतलास?”

टेबलावरच्या एका कोऱ्या कागदावर टाचण्या ओळीने मांडलेल्या होत्या. शेजारी खल लख्ख घासून पालथा घातलेला होता.

मावशीला हसू आवरेना. “फिट्टंफाट!” ती डोळे पुसत म्हणाली आणि तिने खल उचलून सुलटा केला.

त्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. नळ सकाळपासून कोरडाच होता.