रिकामी गिरणी

मी पदार्थविज्ञान शिकते. मोजलेलं तेवढंच लिहायची सवय आहे, म्हणून आधी मोजलेलंच सांगते.

डाव्या मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडलेली. दोन बरगड्यांना चीर. डोक्याला नऊ टाके.

तारीख १२ डिसेंबर २०२४, गुरुवार. ठिकाण कर्जतजवळचं कडाव. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन होतं.

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या खोलीत मीच होते.

तिसऱ्या वर्षाला मी कॉलेज बदललं. आधीच्या हॉस्टेलवर एका खोलीत सहा जणी होतो. मला माणसांचा राग नाही, पण सतत कानावर बोलणं पडलं की मी थकते. दुसऱ्या वर्षी जेमतेम पास झाले. बाबा म्हणाले, "अंतरा, हे शेवटचं. इथेही नाही जमलं तर घरी यायचं."

म्हणून खोली निवडताना मी फक्त शांतता बघितली. चार ठिकाणी जाऊन मोबाइलवर आवाज मोजला. रोहिदासदादांची खोली सगळ्यांत शांत निघाली. शेताच्या कडेला, खाली भातगिरणी, बाहेरून जिना, वर एकच खोली.

"गिरणीचा आवाज येतो का?"

"कसला आवाज? भात भरडायला आता सगळी मोठ्या मिलवर जातात," दादा हसले. "तूच एवढी हळू बोलतेस गं पोरी, आमालाच जिना चढून यावं लागंल ऐकायला."

त्यांची बायको, सुरेखाताई, शेजारीच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

पहिल्या रविवारी, बरोबर दोन वाजता, पायाखालची फरशी थरथरली.

मी खाली गेले. गिरणी चालू होती. वरच्या तोंडात भाताचा एक दाणा नव्हता. खाली पोतं नव्हतं. दादा स्टुलावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

तीन वाजता त्यांनी ती बंद केली.

"मोटर रोज फिरवावी लागते. नायतर गंजते."

मोटर एका दिवसात गंजत नाही. पण मी वाद घालत नाही. बाकीच्या दिवशी मी चारला परतायचे, त्यामुळे सोडून दिलं.

मग बारा डिसेंबर आला. एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात काम करायची संधी होती. मुलाखत ऑनलाइन, सव्वादोनला. ती मिळाली असती तर घरी परत जायचा विषयच संपला असता.

"दादा, आज एक तास गिरणी बंद ठेवाल?"

"नाय जमायचं."

"माझं पुढचं सगळं यावर आहे."

दादांनी सुरेखाताईंकडे पाहिलं.

"एकच दिस," शेवटी ताई म्हणाल्या. "पण दार लावून बस. आन काय बी कानावर आलं तरी मधे बोलू नको. तुला जमंल. तू गप बसणारी हायस."

मला वाटलं, शेजारी भांडणं होत असतील.

सव्वादोनला मुलाखत सुरू झाली. छान चालली होती.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी मागे आवाज आला...

चापट.

मी वळले. मोरीच्या कोपऱ्यात कुणी नव्हतं.

पुन्हा चापट. मग बांगड्या फुटल्याचा आवाज. मग काहीतरी जड फरशीवरून ओढल्यासारखं... आणि एका बाईचा दबलेला श्वास. तोंडात पदर कोंबल्यावर येतो तसा.

सगळं माझ्यापासून चार हातांवर. त्याच खोलीत.

स्क्रीनवरच्या मॅडम थांबल्या. "अंतरा, तुमच्याकडे कुणाला मारताहेत का?"

म्हणजे तो आवाज त्यांनाही येत होता.

मी कधीच कुणाच्या मधे पडत नाही. पण ते ऐकवेना. प्रत्येक फटक्यानंतर ती बाई थोडी कमी ओरडत होती.

मी म्हणाले, "अहो... सोडा तिला."

सगळं थांबलं.

तिचा श्वाससुद्धा.

मग फरशीवर पावलं वाजली. अनवाणी. कोपऱ्यातून माझ्याकडे.

एक... दोन... तीन.

माझे केस मागून मुठीत धरले गेले आणि कपाळ भिंतीवर आपटलं. लॅपटॉप खाली पडला. डोळ्यांत रक्त आलं. मी दाराकडे सरपटले, तर डावा हात मागे ओढून पिळला गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. छातीवर पाय पडला. वजन होतं. टाच होती. माणूस मात्र नव्हता. उघड्या खिडकीतून सरळ शेत दिसत होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी जिवाच्या आकांताने ओरडले.

"दादा! ताई! वाचवा!"

खालून लगेच आवाज आला. मला वाटलं, जिन्यावर पावलं.

तो स्टार्टरचा खटका होता.

गिरणी सुरू झाली.

मी ओरडत राहिले. मला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मार थांबला नाही.

तीन वाजता गिरणी थांबली. मारही थांबला.

छतावरच्या मिरच्या न्यायला सुरेखाताई वर आल्या, तेव्हा मी त्यांना दिसले. त्या किंचाळल्या.

दवाखान्यात त्या माझ्या पायाशी बसून रडत होत्या.

"ओरडतेय ती तू हायस हे कळलंच नाय गं. आमाला वाटलं, तीच हाय. रोजच्यासारखी."

ती म्हणजे कोंडी. रोहिदासदादांची भावजय. किशोर, दादांचा मोठा भाऊ, दुपारी जेवून वर जायचा आणि तिला मारायचा. खाली गिरणी चालू असायची, म्हणून गावाला कळायचं नाही. एक दिवस गिरणीचा पट्टा तुटला. सगळ्या आळीने ऐकलं. जिना कुणी चढलं नाही. दादांनी घाईघाईने नवा पट्टा चढवला आणि मोटर सुरू केली.

तीनला ते वर गेले, तेव्हा कोंडी मेलेली होती. महिन्याभरात किशोरही मेला.

माझ्या बाबतीत पोलिसांनी चौकशी केली. दादा खालीच होते, गिरणीपाशी बसलेली दोन माणसं साक्षीला होती. कागदावर "जिन्यावरून पडून" असं लिहिलंय. मुलाखतीतल्या मॅडमनी मला एकदा फोन केला होता. विचारलं काहीच नाही, नुसतं "जपा" म्हणाल्या. ती जागा मला मिळाली नाही. मी आता घरून परीक्षा देते.

गेल्या आठवड्यात सुरेखाताईंचा फोन आला.

"अंतरा, बरी हायस ना गं?"

"हो, ताई."

"नाय... आपलं विचारलं." मग हळूच म्हणाल्या, "आता वर दोघी ओरडतात."

मी विचारलं, "दुसरी कोण?"

"दादा, ताई म्हनून हाका मारते. तुझा आवाज मला कळत नाय का?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"दोघींचं तीनला संपत नाय. ह्यांनी गिरणी चारपर्यंत केलीय."

त्यांच्या मागे घरघर ऐकू येत होती. आणि त्या घरघरीखाली, अगदी बारीक, आणखी काहीतरी...

माझ्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

मी ऐकत थांबले नाही. फोन बंद केला.