बावीस नंबरची जागा

सकाळी सात वाजता 'थ्री टन्स' पबच्या मागच्या अंगणात एकवीस माणसं बेकन भरलेले पाव खात, पाय आपटत उभी होती. ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस धड पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. वॉल्टनं कापडी पिशवी पुढे केली आणि एकेकानं हात घालून आपला बिल्ला काढला. क्लबची स्पर्धा अशीच सुरू होते. पिशवीतून जो नंबर निघेल त्या जागी कालव्यावर बसायचं, मग तिथे मासा असो नाहीतर नुसता चिखल.

गॉर्डन स्पीचलीच्या हाताला एकवीस नंबर लागला.

"शेवटचं टोक!" निगेल ओरडला. तो बीटाचा ट्रक चालवायचा, आणि त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं. "बरं झालं, म्हाताऱ्या. तिथं झोपलास तरी कुणाला घोरणं ऐकू यायचं नाही."

"तुझा कितवा?"

"वीस. म्हणजे मलाच ऐकावं लागणार की, लेका!"

सगळे हसले. गॉर्डनही हसला, पण बिल्ला मुठीत घट्ट धरून.

वॉल्ट क्लबचा सेक्रेटरी. सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा. पिशवी घडी घालत तो म्हणाला, "बाविसावर यंदा कुणी बसायचं नाही. माहीत आहेच सगळ्यांना."

माहीत होतं. सभासद गेला की तो शेवटचा जिथे बसला ती जागा एक वर्ष रिकामी ठेवायची, ही क्लबची जुनी रीत. खुंटी ठोकायची, नंबर लिहायचा, पण बिल्ला पिशवीत टाकायचा नाही. बावीस नंबर डेरिक कॉथॉर्नचा होता. आजचा कपही त्याच्याच नावाचा. त्याची बायको जॉईस हिनं तो दिला होता.

गेल्या ऑक्टोबरात याच कालव्यावर डेरिक बावीसवर बसला होता आणि गॉर्डन एकवीसवर. त्या दिवशी काय झालं ते क्लबला माहीत होतं, असं क्लबला वाटत होतं. खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक जानेवारीत मेला.

नियम सोपा आहे. दोन वाजता शिट्टी होते. शिट्टीच्या आधी गळाला लागलेला मासा नंतर बाहेर काढला तरी वजनात धरतात. शिट्टीनंतर लागलेला धरत नाहीत. भांडण झालं तर शेजारच्या जागेवरच्या माणसाचा शब्द शेवटचा. गेल्या वर्षी शिट्टी झाली तेव्हा डेरिकची काठी वाकलेली होती. त्यानं पाच पौंड अकरा औंसांचा ब्रीम, रुंद चपटा मासा, काढला. तो मासा धरला असता तर डेरिक पहिला आला असता. नाहीतर गॉर्डन. वॉल्टनं गॉर्डनला विचारलं, "आधी लागला की नंतर?"

गॉर्डन म्हणाला, "नंतर."

धडधडीत खोटं. बावीस वर्षं ज्याच्या गाडीत बसून तो कालव्यावर आला, ज्याच्या थर्मासमधला चहा प्याला, त्याच्याबद्दल. कशासाठी? एका पत्र्याच्या कपासाठी, आणि आयुष्यात एकदा तरी पहिलं यावं म्हणून. डेरिकनं मासा पाण्यात सोडला, सामान आवरलं आणि गेला. पुन्हा क्लबात आला नाही. त्यानंतर गॉर्डनच्या घरचा फोन वाजायचा बंद झाला, कारण तो वाजवणारा एकच माणूस होता. कप कपाटात उलटा पडून होता.

सांगायचं त्यानं तीनदा ठरवलं. एकदा वॉल्टच्या दारापर्यंत गेलाही. मग त्यानं स्वतःशी एक भेकड सौदा केला. डेरिकच्या कपाच्या दिवशी एक मासा मिळाला, फक्त एक, बोटाएवढा का होईना, तर डेरिकनं सोडून दिलं असं समजायचं. मग कुणालाच काही सांगायची गरज नाही. चाळीस वर्षं कॅनिंगच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस असल्या गोष्टी मानत नाही. पण गॉर्डनला त्या दिवशी तो एक मासा हवा होता, श्वास हवा असतो तसा.

नऊ वाजता पहिली शिट्टी झाली.

कालवा सरळ होता, शाईच्या रेघेसारखा. दोन्ही बाजूंना काळी सपाट शेतं, उपटलेल्या बीटांचे ढीग, आणि वर सगळं आभाळच. गॉर्डननं छत्री रोवली, मिळालेले मासे ठेवायची जाळी पाण्यात सोडली, चाऱ्याचे सहा गोळे टाकले आणि गळाला दोन अळ्या लावल्या. मासा लागला की बुडतो तो लाल टोकाचा फ्लोट पाण्यात उभा राहिला.

उभाच राहिला.

दहा वाजले. अकरा वाजले. त्यानं गळ बारीक केला, अळी बदलली, खोली बदलली. निगेलला तीन छोटे रोच मासे मिळाले आणि प्रत्येक वेळी त्यानं ते सगळ्या जिल्ह्याला ओरडून सांगितलं.

"गॉर्डन! जाळी भिजली का रे?" पहिला मासा मिळाला की जाळी भिजली म्हणायचं, ही क्लबची बोली.

"पावसानं भिजली."

"तेवढंच लिहून घे!"

बाराच्या सुमारास उजवीकडून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. भरीव, गोल आवाज. मुठीएवढा चाऱ्याचा गोळा पडल्यावर येतो तसा. मग दुसरा.

गॉर्डननं पाहिलं. उजवीकडे बावीसची खुंटी होती. मध्ये उंच बोरूचा पट्टा होता. बोरूपलीकडे पाण्यावर वलयं पसरत होती. पाणकोंबडी असेल. उंदीर असेल. कालव्यावर आवाज होतातच.

मग बेचकीचं रबर चटकन सुटल्याचा आवाज आला, आणि वलयांच्या मधोमध पाण्यावर बारीक सडा पडला. बेचकीनं अळ्या फेकल्यावर पडतो तसा. पाणकोंबडीला बेचकी चालवता येत नाही.

"निगेल," त्यानं हाक मारली, "बावीसवर कुणी आहे का?"

"मला विचारतोस? मधे तूच बसलायस की!" आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, "बरा आहेस ना?"

"बरा आहे."

उठून चार पावलं जाऊन बघता आलं असतं. तो उठला नाही. वाऱ्यावर वास आला आणि मग तर तो मुळीच उठला नाही. हळदीचा वास होता. डेरिक अळ्यांना हळद चोळायचा. त्यानं ब्रीम खुळा होतो, असं त्याचं म्हणणं. त्याचा उजवा अंगठा वर्षानुवर्षं पिवळाच असायचा. दफनाच्या दिवशी जॉईस गॉर्डनला म्हणाली होती, "साबणानं घासला, ब्रशनं घासला, लिंबू लावलं. नाही निघाला. तसाच पाठवला बघ."

एक वाजता निगेलनं सामान आवरलं. "पाण्यात जीव नाही राव. चल, वॉल्टला सांगतो माझं वजन घेऊ नको म्हणून. तू येतोस?"

"शिट्टी होऊ दे."

"तुझ्यासारखा तूच," निगेल म्हणाला, आणि ढकलगाडी ओढत निघून गेला. त्याच्या चाकांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही थांबला.

आता बांधाच्या या टोकाला गॉर्डन होता आणि पाऊस होता. उजवीकडे अधूनमधून कुणीतरी घसा साफ करत होतं, चहा गिळल्यावर करतात तसा. गॉर्डननं मान वळवली नाही. फ्लोटवरची नजर काढली नाही.

"एक," तो पुटपुटला. "एक दे."

पावणेदोन. दोनला पाच कमी. दोन.

लांब पुलाकडून शिट्टी आली. बारीक, लांबलचक.

शिट्टी पूर्ण संपली. त्यानं ती संपलेली ऐकली. मग फ्लोट बुडाला.

हात आपोआप उठला. काठी वाकली. जड, संथ, रुंद असं काहीतरी तळाला वळलं. त्यानं ते सावकाश वर आणलं आणि हातजाळ्यात घेतलं. कांस्याच्या रंगाचा ब्रीम होता. इतका मोठा गॉर्डनला आयुष्यात लागला नव्हता.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. निगेल गेला होता. पाण्यातली जाळी हाताच्या अंतरावर होती. सोडला की झालं. कप आपला, डेरिकही फिटला. कोण विचारणार?

मासा तोंड उघडमीट करत होता.

"नंतर लागला," गॉर्डन मोठ्यानं म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं मासा पाण्यात उतरवला आणि हात काढून घेतला. क्षणभर तो तिथेच राहिला, मग काळ्या पाण्यात विरला.

वजन घेणारे नेहमी पुलाकडून येतात, म्हणजे बावीसच्या बाजूनं. आधी हेझल आली. ती उन्हाळ्यातच क्लबात आली होती. मनगट मोडलं होतं म्हणून आज गळ नाही, फक्त वजनं लिहायचा कागद. प्लास्टरातल्या हातानं छातीशी फळी धरली होती.

"अभिनंदन!" ती म्हणाली. "पाच पौंड अकरा. आज बाकी कुणाचं दोन पौंडही झालं असेल असं वाटत नाही."

"माझी जाळी कोरडी आहे," गॉर्डन म्हणाला.

"असं कसं? शेजारच्यांनी सांगितलं ना."

"कुठल्या शेजारच्यांनी?"

"या बोरूच्या पलीकडे बसलेत ते. टोपीवाले. माझ्या कागदावर त्यांचं नाव नाही, म्हटलं बघायला आले असतील. पण स्वतःहून म्हणाले, एकवीसला मासा लागलाय. शिट्टीच्या आधी. म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिलं." तिनं कागदाकडे पाहिलं. "वजनही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, तोलल्याशिवाय कसं लिहू? तर म्हणाले, लिही पोरी. तो नाही म्हणेल, पण तू लिही."

गॉर्डननं हातजाळं खाली ठेवलं.

मागून वॉल्ट काटा ठेवलेली गाडी ढकलत आला. चाक चिखलात रुतलं होतं म्हणून तो मागे राहिला होता. "काय झालं?"

"साक्षीची सही घेतलीये," हेझल म्हणाली. "म्हणजे सही नाही, पेन ओलं होऊन चालेना. अंगठा दिला त्यांनी."

वॉल्टनं कागद घेतला. गॉर्डन स्पीचली, पाच पौंड अकरा औंस. त्यापुढच्या चौकोनात अंगठा होता. पिवळाधमक.

वॉल्टनं अंगठ्यावरून बोट फिरवलं. पाऊस कागदावर पडत होता आणि पेनाची शाई पसरत होती. अंगठा पसरत नव्हता.

"गॉर्डन," तो शेवटी म्हणाला, वर न बघता. "गेल्या वर्षी. आधी की नंतर?"

हेझल एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागली.

"आधी," गॉर्डन म्हणाला. "शिट्टीच्या चांगला आधी. मी खोटं बोललो."

वॉल्टनं कागदाची घडी केली. छातीच्या खिशात घातली. गाडी ढकलत पुढच्या जागांकडे निघाला. हेझल त्याच्यामागे गेली. दोघांनी मागे पाहिलं नाही.

गॉर्डन उभा राहिला. मग वर्षभर जे करायला हवं होतं ते करायला निघाला. बोरू बाजूला सारला.

"डेरिक," तो म्हणाला.

बावीस नंबरवर कुणी नव्हतं. सकाळपासूनच्या पावसानं बांध निथळत होता, गवताचं पातं न् पातं ओलं. फक्त खुंटीशेजारी, बसायची पेटी ठेवावी एवढा चौकोन कोरडा होता. त्याच्यापुढे दोन बुटांच्या तळांचे ठसे, तेही कोरडे.

गॉर्डननं वाकून चौकोनावर हात ठेवला.

गवत कोमट होतं.