गुढीवर लपलेलं ग्रीक भांडं

पाडवा होऊन तीन दिवस झाले तरी गिरीशकाकांच्या घरामागच्या लाकडी डेकवरची गुढी उतरेना. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात बर्फ भुरभुरत होता, गुढीच्या जरीच्या कापडाचा पार पापड झाला होता, आणि काका सगळ्यांना बजावत होते की तिला हात लावायचा नाही.

शाळेच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत त्यांच्याकडे आलेल्या अंतराला आणि तिच्या धाकट्या भावाला, ईशानला, हे पटेना. त्यातून तांब्याचा कलश तर स्वयंपाकघरात! मग गुढीवर कापडात गुंडाळून पालथं घातलंय ते काय?

काका बेसमेंटमध्ये उतरल्याबरोबर अंतरा खुर्चीवर चढली. तिने कापड सोडलं, भांडं खाली काढलं आणि ती बघतच राहिली. काळं कुळकुळीत भांडं, त्यावर केशरी रंगातले भालेवाले ग्रीक योद्धे, रथ, घोडे!

“खाली ठेव ते.”

मागे काका उभे होते. हातात हातोडी. चेहरा इतका पांढरा, की डेकवरच्या बर्फानेही लाजावं.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. भांडं कुणाच्या तरी गराज सेलमध्ये, जुन्या सामानात मिळालेलं. नंतर बातमी वाचली, की थडग्यांतून चोरलेली प्राचीन ग्रीक भांडी पोलीस जप्त करतात. सोमवारी ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू. म्हणून ते गुढीवर लपवलं, आणि आता फोडून टाकायचं.

“अडीच हजार वर्षं जुना, चोरीचा माल, यार. माझं ग्रीन कार्ड गेलं.”

“काका, वेट,” ईशान म्हणाला. “ह्या घोड्याला डोकंच नाहीये.”

खरंच की. चित्रांच्या पट्टीची दोन टोकं जिथे जुळत होती, तिथे एक घोडा मानेपाशीच कापला गेला होता. हाताने रंगवणारा असं कशाला करेल? अंतराने तळ पाहिला. तिथे पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखा छापील शिक्का होता. तिने फोनवर शोधून वाचून दाखवलं. इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या डिझाइनवर असा शिक्का असे. तेव्हा युरोपला ग्रीक चित्रांचं वेड होतं. कारागीर ती कागदावर छापून भांड्यांवर उमटवायचे.

“थडग्यातलं नाही काका. कारखान्यातलं आहे.”

काकांच्या हातातली हातोडी सुटली, ती नेमकी त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर. त्यांची किंकाळी ऐकून देवयानीकाकू धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी हातोडी उचलून ईशानला दिली.

“या घरात डोळे उघडे ठेवणारे तुम्ही दोघंच,” त्या म्हणाल्या. “ही यापुढे तुमच्याकडे.”

सोमवारी अधिकाऱ्याने विचारलं, कधी काही गुन्हा केलाय का? काका “नो” असं गरजले, की बाहेर बाकावर बसलेले दोघं-तिघं घाबरून उभेच राहिले.