जिन्याखालचं दार

अपूर्व, तो मोबाइल उलटा ठेव. नाहीतर आत जाऊन बस. आणि स्वरदा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मधे फिसकन हसलेलं मला चालत नाही. भूत पाहिलं म्हणणाऱ्याला मी एरवी दारात उभं करत नाही. पण हे मला शैलेंद्रने सांगितलंय. तेवीस वर्षं ओळखतो मी त्याला, इथे सिडनीत, स्ट्रॅथफील्डला एका खोलीत चौघं राहायचो. त्या माणसाला थापा मारता आल्या असत्या तर आज मॅनेजर नसता का झाला?

बारा नोव्हेंबर २०२३. रविवार, लक्ष्मीपूजन. शैलेंद्रची भाची मयूरा तेव्हा युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, दुसऱ्या वर्षाला होती. ती पुण्याहून निघताना तिच्या आईला ह्याने फोनवर शब्द दिलेला, "ताई, पोर माझी जबाबदारी." न्यूटाउनच्या बाजूला एका जुन्या दुमजली घरात ती खोली घेऊन राहायची. घरात सहा मुली, त्यातल्या पाच वीकेंडला बाहेर गेलेल्या. परीक्षा तोंडावर म्हणून मयूरा गिरावीनला ह्याच्या घरी यायला तयार नव्हती. हा म्हणाला, नको येऊस, मीच येतो. चिवडा, चकल्या, करंज्यांचा डबा आणि एक आकाशकंदील गाडीत टाकून साडेसातला निघाला. पार्किंग मिळेपर्यंत साडेआठ झाले. तिथे पार्किंग म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य लागतं.

वरच्या मजल्यावर तिच्या खोलीबाहेर भिंतीवर एक फ्रेम होती. पिवळा पडलेला कागद, त्यावर मुलींच्या नावांची यादी. हा वाचत उभा राहिला, तर मयूराने त्याला घराचा सगळा इतिहास सांगितला.

पूर्वी ते घर युनीतल्या मुलींच्या एका सोसायटीचं होतं. अमेरिकेत सोरोरिटी म्हणतात ना, तसलं काहीतरी. शपथ घ्यायची, मग आत. जेवण एकत्र, भांडण एकत्र, आणि घरातलं बाहेर बोलायचं नाही. १९४२ साल. लढाई चालू. वर्गातली मुलं न्यू गिनीला गेलेली, जपान्यांच्या पाणबुड्या सिडनीच्या बंदरात शिरलेल्या. रात्री उजेडाची तिरीपही बाहेर जाता कामा नये. म्हणून मुली पाळ्या लावून घरभर फिरायच्या आणि कुणाच्या दाराखाली उजेड दिसतो का ते बघायच्या. फ्रेममधला कागद त्या पाळ्यांचा. त्यात एक नाव खोडलेलं होतं, इतकं गिरवून की कागद फाटलेला.

"ही कोण?" शैलेंद्रने विचारलं.

"तिचा भाऊ जहाजावर होता, मामा. ती त्याच्यासाठी खिडकीत मेणबत्ती लावायची. दोनदा सांगून ऐकलं नाही, तेव्हा बाकीच्यांनी तिला जिन्याखालच्या कोठीत कोंडलं. एका रात्रीपुरतं, धडा शिकवायला. नेमका त्या रात्री विमानहल्ल्याचा भोंगा झाला. सगळ्या खंदकाकडे पळाल्या. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने कडी काढली असेल."

"मग?"

"दमा होता तिला. सकाळी उघडलं."

स्वतःच आत जाऊन बसली होती, असं सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं. एकसुरात. त्यातली एक नव्वदीला आल्यावर बोलली, तेव्हा कुठे कळलं.

आता एवढं ऐकूनही ह्या शहाण्याने खिडकीत कंदील टांगला. गाढव. पण मी असतो तर मीही टांगला असता, खोटं कशाला बोलू? दिवाळी म्हटली की आपला हात आधी खिडकीकडे जातो. घर कुणाचं, तिथे कुणाला उजेडाचं वावडं, हे कोण विचारतंय. लाल-पिवळा कंदील, आत बल्ब. छान दिसत होता म्हणे रस्त्यावरून.

"लक्ष्मी मांडायला छोटं टेबल आणते, खाली कोठीत आहे," म्हणून मयूरा गेली.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. खालून दार लागल्याचा आवाज आला. मग कडीचा.

"मयू?"

तो दाराकडे वळला.

जिन्यावर पावलं वाजली. टाचांचे बूट. वर येणारे. एक जोडी नाही... चार, पाच, जास्तच. सावकाश. दाराबाहेर येऊन थांबले. दाराखालच्या फटीतून कॉरिडॉरचा उजेड दिसत होता, तो गेला.

"लाइट," बाहेरून बाईचा आवाज. तरणा. जुन्या रेडिओवर बोलतात तसं इंग्रजी.

शैलेंद्रला वाटलं, रूममेट परत आल्या. "सॉरी, आय ॲम मयूराज अंकल..."

"पुट इट आउट."

आणि कंदील फाटला. विझला नाही, फाटला. ह्याच्या डोळ्यांदेखत कागद वरून खाली उभा चिरत गेला. बल्ब फुटला.

काळोख.

खालून धडधड ऐकू आली. दारावर हात आपटल्याची. "मामा... मामा, श्वास..." पुढचं खोकल्यात गेलं.

तो धावला. मोबाइलचा टॉर्च लावला, तर मनगटावर फटका बसला. छडीचा बसतो तसा. मोबाइल उडाला, जिन्यावरून गडगडत खाली गेला. विझला.

मग त्याला कळलं, उजेड नाही केला तर जाता येईल. तो कठडा धरून उतरू लागला.

प्रत्येक पायरीवर कुणीतरी उभं होतं. दोन्ही बाजूंना. लोकरीचे स्कर्ट त्याच्या हाताला घासत होते. डांबराच्या गोळ्यांचा वास. कुणी बाजूला होईना. कुणी बोलेना. फक्त प्रत्येकीचा श्वास, त्याच्या मानेवर...

तेरा पायऱ्या.

खाली दारावरची धडधड थांबली होती. त्याने चाचपलं. कडी सापडली. काढली. आत हात घातला.

हात मिळाला. ओढला. मयूरा होती. बाहेर आली, अंगावर कोसळली. श्वास चालू होता. त्याने डाव्या हाताने तिला कवटाळलं.

उजव्या हातात अजून एक हात होता.

लहान. गार. त्याची बोटं घट्ट धरलेली.

"डोन्ट शट इट," आतून कुणीतरी म्हणालं. "प्लीज."

मागे जिना करकरला. सगळ्या एक पायरी उतरल्या होत्या. मग अजून एक.

त्याला बहिणीला दिलेला शब्द आठवला. बाकी काही नाही.

त्याने हात सोडवून घेतला. दार ढकललं. लागेना. मधे काहीतरी होतं... मऊ.

त्याने खांदा लावला.

लागलं.

कडी घातली. आणि अगदी कानाशी, लाडाने म्हणावं तसं, "गुड मॅन."

...

नाही, अपूर्व, दिवा नको लावू. बस.

"प्रल्हादकाका, मयूराचं काय झालं?"

सांगतो ना, स्वरदा. त्याने तिला गाडीत घातलं, गाडी पॅरामॅटा रोडला लागली. मग ती म्हणाली, "मामा, तिला का नाही काढलंस?"

"कुणाला?"

"आत माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. हळू श्वास घे म्हणत होती. तिच्यामुळे जगले मी."

मयूरा आता मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीला असते, नोकरी करते. मामाचा फोन उचलते, तो आईला बरं वाटावं म्हणून. घरी येत नाही. मी त्याला म्हटलं, अरे, पोर वाचवलीस, तेवढंच तुझ्या हातात होतं. तो म्हणाला, तिने विचारेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. मला राग येतो त्याचा, आणि वाईटही वाटतं. दोन्ही.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना त्याचं लक्ष गेलं. उजव्या हाताची नखं, अंगठ्याचं सोडून चारही, मुळापासून काळीनिळी. दारात बोटं चेंगरली की होतात तशी. ह्याची बोटं दारात सापडलेलीच नव्हती, हा बाहेरून ढकलत होता. डॉक्टर म्हणाला, दोन-चार महिन्यांत वाढून निघून जाईल.

दोन वर्षं झाली. दर रविवारी तो नखं कापतो. नखं वाढतात. काळं आहे तिथेच आहे.