डबल बासच्या पोटातली काठी

"लिंबू, बाहेर ये! तिथे अडकलास तर तुला करवतीने कापून काढावं लागेल!"

"अडकलो नाहीये! ताई, इथे ना, एक राक्षसाचं व्हायोलिन आहे!"

मग काय! टिकली आणि शंकासुर कपाटांच्या मधून आडवे होत, गुडघे आपटत पलीकडे पोचले. सुट्टीला तिघं आजोळी आली होती. टिकली बारा वर्षांची, लिंबू तिचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ आणि शंकासुर त्यांचा मावसभाऊ. दर मिनिटाला एक शंका काढल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे, म्हणून हे नाव. मामा वाद्यं दुरुस्त करायचा. जुनं, वाळलेलं लाकूड शोधायला तो या गोदामात आला होता आणि हे शेपूट मागोमाग.

व्हायोलिन कसलं, ते मामापेक्षाही उंच होतं! भिंतीला टेकून उभं होतं बिचारं. चारांपैकी एक तार तुटून लोंबत होती. पुढची फळी मधोमध आत खचली होती आणि तिथून खालपर्यंत लांबलचक तडा गेला होता.

"डबल बास म्हणतात त्याला," गोदामाचे मालक गोदामकाका हात पुसत आले. "जुन्या नाट्यगृहाच्या अडगळीतून आलाय. उद्या दुपारी हॉटेलवाल्या बाई येतील. आतून कोरायचा, फळ्या ठोकायच्या, की झालं कपबश्यांचं कपाट!"

"कपाट?" टिकली ओरडलीच. "मामा, मामा! आपण घेऊ या ना! तू दुरुस्त कर ना!"

मामा दोन फळ्या काखेत मारून दारातच उभा होता. तो एक पाऊलही आत आला नाही.

"कीड लागलीय त्याला. घोडीखाली पूड दिसत नाही का? चला."

तारांना उचलून धरणाऱ्या त्या लाकडी घोडीखाली खरंच पांढरट पूड होती. मामाचा आवाज असा होता की लिंबूसुद्धा निमूट निघाला.

पण टिकलीने पुडीला बोट लावलं होतं. घरी जाताना तिने ते चोळून पाहिलं, मग हुंगलं.

"शंक्या, हे चिकट लागतंय. लाकडाचा भुसा चिकट असतो का? ही राळ आहे! गजाला घासतात ना, ती!"

"मामाला राळ आणि कीड यातला फरक कळत नाही?" शंकासुराने विचारलं. "टिचकी मारून लाकडाचं वय सांगणारा माणूस तो! मग खोटं का बोलला?"

त्याच्या हजार शंकांमध्ये ही एक मात्र लाखमोलाची निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कामासाठी बाहेर गेल्यावर मोहीम ठरली. काल लिंबूचा धक्का लागला तेव्हा डबल बासच्या आत काहीतरी खुळखुळलं होतं, ते काय ते बघायचं. टॉर्च हवा आणि मामाचा आरसा हवा. लांब दांडीचा, नाण्याएवढा तो आरसा. वाद्याच्या आत घालून पोटातलं बघायचा.

आरशाचं नाव टिकलीला नको होतं. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी तो तिच्याच हातून पडला होता आणि त्याला केसाएवढा तडा गेला होता. तिने तो गुपचूप खिळ्याला परत लावला. संध्याकाळी मामा तो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्याच हातून आपटला वाटतं." टिकली तिथेच उभी होती. तरी तिने खरं सांगितलं नाही.

"आजोबा, आरसा नेऊ?" तिने विचारलं.

आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. "न्या, पण जपून," ते म्हणाले.

गोदामकाका पेपरात डोकं खुपसून बसले होते. "आत काहीतरी खुळखुळतंय म्हणता? काढा की! सोनं निघालं तर निम्मं माझं!"

"आणि उंदीर निघाला तर?" शंकासुराने विचारलं.

"तो सगळा तुझा!"

टिकली आणि शंकासुराने तो धिप्पाड डबल बास हळूच तिरका केला. आतून काहीतरी घरंगळलं. टिकलीने आरसा आत घातला. तडकलेल्या आरशात दोन काठ्या दिसल्या, म्हणजे खरी एकच! लिंबूचा काडीसारखा हात पोटावरच्या वळणदार फटीतून कोपरापर्यंत आत गेला.

"सापडली! सापडली! आई गं, कोपर!"

वीतभर लांबीची गोल काठी होती ती. तिघांनीही ती लगेच ओळखली. मामाने पहिल्याच आठवड्यात व्हायोलिनमधली दाखवली होती. पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये ही काठी नुसती दाबाने उभी असते. "ती पडली, की आधी तारा सैल करायच्या," मामाने बजावलं होतं. "जेवण राहू दे, झोप राहू दे, आधी तारा! नाहीतर तारांच्या ओढीने पोट खचलंच समजा." शिवाय मामाच्या कारखान्यातला एक नियम होता: जे काम आत राहणार, कोणाला दिसणार नाही, त्यावर सही करायचीच.

काठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं. बावीस वर्षांपूर्वीची तारीख, मामाची सही आणि खाली, "माझं पहिलं काम. बाबांच्या बाससाठी."

"बाबांच्या?" टिकली पुटपुटली. "हा आजोबांचा आहे?"

आजोबा नाट्यगृहात काम करायचे एवढंच पोरांना माहीत होतं. काय काम, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. हॉटेलवाल्या बाई वेळेआधीच हजर, सोबत करवत घेतलेला सुतार!

टिकली बासला पाठ लावून उभी राहिली. शंकासुराने मात्र अगदी भोळा चेहरा केला. "काका, ही पांढरी पूड कसली हो? काल मामा काय म्हणाला होता?"

"कीड म्हणा..." गोदामकाकांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता!

"कीड?" बाई दोन पावलं मागे सरकल्या. "माझ्या नव्याकोऱ्या हॉटेलात? नको रे बाबा!" आणि सुताराला घेऊन त्या चालत्या झाल्या.

"कार्ट्यांनो! आता हे धूड कोण घेणार?"

"आम्ही!" टिकली म्हणाली. "संध्याकाळपर्यंत ठेवा फक्त!"

घरी मामा नुकताच परतला होता. टिकलीने काठी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. मामाचा चेहरा पार उतरला.

"म्हणून मी आत आलो नाही काल," तो म्हणाला. "मला बघवलं नसतं. काठी मी आखूड कापली होती, म्हणून ती पडली आणि बाबांचा बास गेला. मी कधी कबूल केलं नाही. त्यानंतर मोठं वाद्य हातात घेतलंच नाही."

"पण मामा," शंकासुर म्हणाला, "नुसती काठी पडून पोट कसं खचेल? तारा सैल केल्या तर काही होत नाही, तूच शिकवलंस! मग त्या कोणी सैल केल्या नाहीत?"

खुर्ची करकरली. "मी," आजोबा म्हणाले.

सगळे वळले.

"प्रयोग संपला. बास गाडीतून उतरवताना हिसका बसला आणि आत टक् झालं. ऐकलं मी. पण थकलो होतो. म्हटलं, सकाळी बघू. सकाळी पोट आत गेलेलं." आजोबा आपल्या हातांकडे बघत होते. "पोराने जीव ओतून केलेलं पहिलं काम मी एका आळसापायी मातीत घातलं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? दुसऱ्या दिवसापासून तिकीटखिडकीवर बसलो."

"आणि मला वाटायचं, माझी चूक झाकायला तुम्ही गप्प बसलात!"

बावीस वर्षं एका घरात, एका ताटाशी बसून दोघांनी हे मनात ठेवलं होतं. टिकलीला रडूच आलं.

"घ्यायचा ना मग?" लिंबूने विचारलं.

मामाने सुस्कारा सोडला. "सोपं नाही रे ते. पोट अख्खं उघडावं लागेल, दीड महिना दुसरं काम बंद. एवढं करून जुना आवाज येईल याची खात्री नाही."

"आणि वाजवणार कोण?" आजोबांनी डावा हात वर केला. बोटं सांध्यात वाकडी झाली होती. "नको घेऊस. वेळ निघून गेली."

"मग कपाट होऊ दे?" लिंबू रडवेल्या आवाजात म्हणाला.

मामा उठला आणि चपला शोधू लागला. "घ्यायचा! वाजो न वाजो. चला रे, उचलायला चार हात लागतील!"

उरलेली सगळी सुट्टी कारखान्यात गेली. मामाने पुढची फळी सोडवली, वाफ देऊन, पट्ट्या लावून ती उचलली आणि तडा सांधला. पोरांनी चिकटवायचा सरस ढवळला, फळ्या धरून ठेवणारे शिकंजे आवळले, शिव्या खाल्ल्या. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मामाने तीच जुनी काठी आत उभी केली. ती जागच्या जागी, अचूक बसली.

"आखूड नव्हतीच," मामा हळू आवाजात म्हणाला.

आजोबांनी गजाला राळ लावली आणि तो मोकळ्या तारेवरून ओढला. खोल, घुमणारा आवाज निघाला. पायाखालची फरशीसुद्धा थरथरली! ऐकायला आलेले गोदामकाका टोपी काढून उभे राहिले. पण पुढच्या सुरासाठी डाव्या हाताचं बोट तारेवर दाबायला हवं होतं आणि ते काही दाबलं जाईना. आजोबांनी दोनदा प्रयत्न केला, मग गज खाली ठेवला.

"शाब्बास रे पोरांनो!" ते म्हणाले. "आम्हा दोघा शहाण्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. तेव्हाच एक वाक्य बोललो असतो, तर अख्खं गाणं ऐकवलं असतं तुम्हाला."

मामाने तिघांच्याही पाठीवर थाप मारली. पण टिकलीला ती शाबासकी अंगाला लागेना. ती खिळ्यापाशी गेली आणि आरसा घेऊन आली.

"मामा, हा माझ्या हातून पडला होता. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी. मी बोलले नाही."

मामा तड्याकडे बघत राहिला. मग त्याने आपला उजवा हात समोर धरला, बोटं ताठ करून.

"अगं वेडे," तो म्हणाला, "मला वाटलं, माझा हात थरथरायला लागलाय. दोन महिने रोज सकाळी तपासून बघतोय मी."

टिकली त्याच्या कुशीत शिरून हमसून रडली. मामाने तो हात तिच्या डोक्यावर ठेवला. हात अगदी स्थिर होता.